थांबवतं कोण? शारीरिक थकव्याविषयीच्या शंभर वर्षांच्या वादाचा आढावा

स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा हातापायांच्या आणि धडाच्या स्नायूंकडे जातो. बाकीचं रक्त यकृत, आतडी, मूत्रपिंडं, मेंदू यांच्या वाट्याला येतं. हाच माणूस जीव तोडून धावू लागला की काही मिनिटांत सगळी वाटणी बदलते. ठोके ७० वरून १९०-२०० वर जातात. निरोगी तरुणाचं हृदय २० ते २५ लिटर रक्त ढकलू लागतं आणि त्यातलं ८० टक्क्यांहून अधिक स्नायूंकडे वळतं. आतडी आणि मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. फुप्फुसं मिनिटाला सहा-सात लिटरऐवजी शंभराहून अधिक लिटर हवा आत-बाहेर करतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, त्वचा घामावाटे उष्णता टाकते. शरीरातल्या जवळपास सगळ्या संस्था एकाच कामाला जुंपल्या जातात. म्हणूनच या संस्थांचं एकमेकींशी कसं जमतं हे पाहायला शारीरक्रियाशास्त्रज्ञांनी नेहमी श्रम करणारा माणूस निवडला.

आणि मग तो माणूस थांबतो. त्या क्षणी तपासणी केली तर हृदय व्यवस्थित चालू असतं. बहुतेकांच्या धमन्यांतल्या रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो. स्नायूंना बळ पुरवणाऱ्या एटीपी या रेणूचा साठा घटलेला असतो, पण संपलेला नसतो. कोसळलेली अशी एकही संस्था सापडत नाही. तरी तो पुढे जाऊ शकत नाही, निदान तसं त्याला ठामपणे वाटतं. त्याला थांबवलं कुणी, या प्रश्नावर गेली शंभर वर्षं वाद चालू आहे. खेळाडू आणि प्रशिक्षकांना त्यात रस आहेच. पण शेतमजूर, रक्तक्षयाने त्रासलेल्या स्त्रिया आणि कोविडनंतर अंथरुणातून उठू न शकणारे रुग्ण यांच्याशीही या वादाचा थेट संबंध आहे, असं मला वाटतं.

ट्यूरिन, केंब्रिज, मँचेस्टर

थकव्याची पहिली पद्धतशीर मोजणी इटलीतल्या ट्यूरिनमध्ये अँजेलो मोसो यांनी केली. हाताचं मधलं बोट वाकवून दोरीला बांधलेलं वजन पुन्हा पुन्हा उचलायचं आणि प्रत्येक वेळी ते किती वर गेलं याची रेघ फिरत्या कागदावर उमटायची, असं यंत्र त्यांनी तयार केलं होतं. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात एक निरीक्षण आहे: विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या सहकाऱ्याचं बोट एरवीपेक्षा लवकर दमलं. बोटाने तर काहीच काम केलेलं नव्हतं. थकवा स्नायूत आणि मज्जासंस्थेत, दोन्हीकडे असतो, असा मोसो यांचा निष्कर्ष होता. हे निरीक्षण पुढे बरीच दशकं बाजूला पडलं.

ते बाजूला पडायला एक सबळ कारण घडलं. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवलं की, बेडकाच्या स्नायूला ऑक्सिजनविना काम करायला लावलं तर त्यात लॅक्टिक आम्ल साचतं आणि ऑक्सिजन दिला की ते कमी होतं. आता थकव्याला एक रासायनिक चेहरा मिळाला. आर्चिबाल्ड हिल यांनी हा धागा माणसापर्यंत आणला. स्नायूंतल्या उष्णतेवरच्या कामासाठी त्यांना १९२२ चं नोबेल मिळालं. ते त्यांना ओटो मायरहोफ यांच्यासोबत विभागून देण्यात आलं होतं. हिल स्वतः धावपटू होते. पाठीवर हवेची पिशवी बांधून ते मँचेस्टरमध्ये गवताच्या छोट्या गोल पट्ट्यावर धावायचे आणि सोडलेल्या श्वासातला ऑक्सिजन मोजायचे. वेग वाढवत नेला की ऑक्सिजनचा वापर एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि मग थांबतो. त्यापुढचं काम आम्ल साचवून उधारीवर होतं, असं त्यांनी मांडलं. आज धावणाऱ्यांच्या मनगटावरचं घड्याळसुद्धा जो ‘व्हीओटू मॅक्स’ सांगतं, त्याचा उगम इथे आहे.

हिल यांनी आणखी एक शक्यता नोंदवली होती. हृदयाला स्वतःलाच ऑक्सिजन कमी पडू लागला तर ते इजा होईपर्यंत धडधडत का राहत नाही? हृदयात किंवा मज्जासंस्थेत वेग आवरणारी काही नियंत्रक यंत्रणा असावी, असं त्यांना वाटलं. पाठ्यपुस्तकांनी त्यांचं कमाल ऑक्सिजनचं तत्त्व उचललं आणि ही नियंत्रकाची कल्पना मागे ठेवली.

पहिली बाजू: पुरवठा कमी पडतो

या बाजूचं म्हणणं सरळ आहे. ऑक्सिजन फुप्फुसांतून रक्तात, रक्तातून हृदयामार्फत स्नायूत आणि तिथून पेशींतल्या तंतुकणिकांत पोहोचतो. या मार्गात कुठेतरी सर्वांत अरुंद जागा आहे आणि तीच माणसाची मर्यादा ठरवते.

ती जागा कोणती, यावरचे प्रयोग या क्षेत्रातले सर्वांत देखणे आहेत. १९७२ मध्ये स्टॉकहोममध्ये ब्योर्न एकब्लॉम यांनी स्वयंसेवकांचं रक्त काढून ठेवलं आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शरीरात परत चढवलं. तांबड्या पेशी वाढल्या आणि त्याबरोबर कमाल ऑक्सिजन-वापर आणि दम टिकण्याचा वेळही वाढला. फुप्फुसं, हृदय, स्नायू होते तेच होते. बदललं होतं फक्त रक्त. सायकल-शर्यतींना पुढे ग्रासणाऱ्या ‘ब्लड डोपिंग’ची मुळं याच ज्ञानात आहेत. उलट बाजूने पाहायचं तर हाच पुरावा रक्तक्षयात मिळतो. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासात लोह दिलेल्या स्त्रियांनी जास्त पानं खुडली आणि ज्यांचं हिमोग्लोबिन सर्वांत कमी होतं त्यांच्यात हा फरक अधिक दिसला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. ‘जीव थकतो’ ही त्यांची तक्रार आळस म्हणून उडवून लावली जाते, तेव्हा एका साध्या शारीरिक वस्तुस्थितीकडे डोळेझाक होत असते.

दुसरा महत्त्वाचा प्रयोग कोपनहेगनचा. बेंग्ट साल्टिन आणि पेर अँडरसन यांनी १९८५ साली माणसाला फक्त एका मांडीचा पुढचा स्नायू वापरून लाथेसारखी हालचाल करायला लावली आणि त्या स्नायूत किती रक्त जातं ते मोजलं. आकडा अपेक्षेहून कितीतरी मोठा निघाला: किलोभर स्नायूमागे मिनिटाला सुमारे अडीच लिटर. धावताना राबणारे सगळे स्नायू याच दराने रक्त मागू लागले तर हृदयाला मिनिटाला ५० लिटरच्या आसपास रक्त पुरवावं लागेल. ऑलिम्पिक दर्जाच्या खेळाडूचं हृदयही ४० लिटरच्या फारसं पुढे जात नाही. म्हणजे स्नायूंची भूक हृदयाच्या आवाक्याबाहेरची आहे. सगळं शरीर राबत असेल तेव्हा अरुंद जागा हृदयाची असते, या मताला यामुळे मोठं बळ मिळालं.

फुप्फुसांबद्दल थोडक्यात. समुद्रसपाटीवर सामान्य माणसाची फुप्फुसं पुरून उरतात. मात्र काही अव्वल धावपटूंचं हृदय इतकं जोरकस असतं की रक्त फुप्फुसांतून घाईने निघून जातं आणि पुरेसा ऑक्सिजन भरून घेत नाही. शिवाय श्वासाच्या स्नायूंनाही रक्त लागतं आणि तीव्र श्रमात ते पायांच्या वाट्यातून घेतलं जातं, हे विस्कॉन्सिनचे जेरोम डेम्प्सी यांनी दाखवलं.

दुसरी बाजू: बिघाड स्नायूतच

लॅक्टिक आम्लाची कथा या शास्त्रातली सर्वांत मोठी उलथापालथ आहे. व्यायामाने पाय भरून आले की ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ असं आजही जिमपासून मैदानापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. पण बर्कलीचे जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिलं की, एका स्नायूत तयार झालेलं लॅक्टेट दुसरे स्नायू, हृदय आणि मेंदूदेखील इंधन म्हणून वापरतात. यकृत त्याची पुन्हा साखर करतं, हे तर कोरी दाम्पत्याच्या संशोधनातून आधीच माहीत होतं. आम्लतेमुळे स्नायू ढिले पडतात, हा निष्कर्ष ज्या प्रयोगांवर उभा होता त्यांतले बरेच थंड तापमानात ठेवलेल्या स्नायुतंतूंवरचे होते. १९९० च्या दशकात हाकान वेस्टरब्लाड आणि डेव्हिड ॲलन यांच्यासारख्यांनी शरीराच्या जवळच्या तापमानात तपासलं तेव्हा आम्लाचा परिणाम बराच सौम्य निघाला. आता मुख्य संशय फॉस्फेटवर आहे. ऊर्जा वापरताना सुटं होणारं फॉस्फेट स्नायूंच्या प्रथिनांची पकड सैल करतं आणि आकुंचनासाठी लागणारं कॅल्शियम बाहेर पडण्यात अडथळा आणतं. आम्लाला सगळ्यांनी निर्दोष सोडलेलं नाही. आम्ल आणि फॉस्फेट एकत्र आले की परिणाम गंभीर होतो, असं मानणारा गट आजही आहे.

दोन-तीन तासांच्या श्रमात मात्र कारण वेगळं असतं. स्नायूंतली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपते. १९६६ साली बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी एकाच सायकलवर दोन बाजूंना बसून एकेका पायाने पेडल मारलं आणि नंतर दोन्ही पायांच्या स्नायूंचे तुकडे सुईने काढून तपासले. राबलेला पाय रिकामा झाला होता, विसावलेला भरलेला होता. पुढचे काही दिवस पिष्टमय आहार घेतल्यावर राबलेल्या पायात आधीच्या जवळपास दुप्पट साठा जमला. मॅरेथॉनच्या आधी भात-पास्ता खाण्याची पद्धत या दोन माणसांच्या पायांतून आली आहे.

तिसरी बाजू: मेंदूचा लगाम

१९९६ साली केप टाउनचे टिम नोक्स यांनी अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या अधिवेशनात व्याख्यान दिलं आणि हिल यांच्या वारशालाच आव्हान दिलं. त्यांचा पहिला मुद्दा असा: ऑक्सिजनचा वापर कमाल पातळीवर जाऊन सपाट व्हायला हवा, पण अनेकांच्या चाचणीत तो सपाट होतच नाही. दुसरा: माणूस दमून थांबतो तेव्हाही त्याच्या स्नायूतले सगळे तंतू कामाला लागलेले नसतात. तिसरा सगळ्यांनी पाहिलेला आहे: शर्यतीच्या शेवटी, सर्वांत जास्त दमलेला असताना, धावपटू वेग वाढवतो. स्नायू खरंच निकामी झाले असतील तर हे जमतं कसं? उंच पर्वतांवरचा पुरावाही त्यांनी पुढे केला. अतिउंचीवर माणूस लवकर थांबतो, पण तेव्हा रक्तातलं लॅक्टेट कमी असतं आणि हृदयाचा कमाल वेगही घटलेला असतो. जणू काही बिघडण्याआधीच हात आखडता घेतला गेला आहे. मेंदू शरीराच्या सगळ्या संस्थांची खबर घेऊन स्नायूंना दिली जाणारी आज्ञा आधीच मर्यादित करतो, असं नोक्स यांचं प्रतिपादन. हिल यांनी सुचवलेला नियंत्रक असा सत्तर वर्षांनी परत आला.

उष्णतेच्या अभ्यासांनी या मताला आधार दिला. सायकल चालवणाऱ्यांचं तापमान सुरुवातीला कमी-जास्त ठेवलं तरी शरीराच्या गाभ्याचं तापमान ४० अंशांच्या आसपास पोहोचलं की सगळे थांबतात, असं १९९९ साली गोन्झालेझ-अलोन्सो यांनी दाखवलं. पुढे असंही दिसलं की, उकाड्यात माणूस तापायच्या आधीच वेग कमी करतो. बर्मिंगहॅमचा २००४ चा प्रयोग तर थक्क करणारा आहे. पिष्टमय द्रावणाने फक्त चूळ भरून थुंकून टाकलं तरी तासाभराच्या सायकल-शर्यतीत वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली. तेच इंधन, म्हणजे ग्लुकोज, शिरेतून थेट रक्तात सोडलं तेव्हा मात्र फरक पडला नाही. पोटात काहीच गेलं नव्हतं. जिभेने मेंदूला काहीतरी कळवलं होतं.

विरोधकांचे आक्षेपही वजनदार आहेत. चाचणी नीट घेतली तर सपाट पातळी पुष्कळांत सापडते, असं बॅसेट आणि हाउली यांनी मांडलं. रॉय शेपर्ड यांनी २००९ मध्ये विचारलं की, हा नियंत्रक मेंदूत कुठे आहे आणि ही कल्पना चुकीची ठरवता येईल असा प्रयोग कोणता? शिवाय २०१६ साली दोहा इथल्या जागतिक सायकल-स्पर्धेत काही स्पर्धकांच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या पुढे गेलेलं नोंदवलं गेलं आणि तरी ते शर्यतीत होते. नियंत्रक असेल तर तो ठराविक अंशावर दार बंद करत नाही, हे यावरून स्पष्ट होतं.

चौथी बाजू: जड वाटतं म्हणून

इटलीचे सॅम्युएले मार्कोरा यांना नियंत्रकाचीही गरज वाटत नाही. त्यांच्या मते माणूस थांबतो तो जाणीवपूर्वक: श्रम इतके जड वाटू लागतात की पुढे रेटण्याची इच्छा त्यापुढे कमी पडते. २००९ साली त्यांनी मोसो यांचं जुनं निरीक्षण नव्याने तपासलं. दीड तास डोकं शिणवणारं काम केलेले स्वयंसेवक सायकलवर सुमारे १५ टक्के लवकर थांबले. हृदय, श्वास, लॅक्टेट यांच्या प्रतिसादात याचं स्पष्टीकरण सापडलं नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी रग्बीपटूंना २४२ वॅटच्या भाराने थांबावं लागेपर्यंत सायकल मारायला लावलं आणि थांबताक्षणी पाच सेकंद सारं बळ लावायला सांगितलं. त्यांनी ७३१ वॅट काढून दाखवले. ताजेतवाने असताना ते १०७५ वॅट काढत. क्षमता घटली होती हे खरं, पण थांबायला भाग पाडेल इतकी नाही.

टीकाकार म्हणतात, पाच सेकंदांचा झटका आणि दहा मिनिटांचा भार यांना लागणारी ऊर्जा एकाच मार्गाने येत नाही. एकावरून दुसऱ्याचं माप काढता येत नाही. मानसिक शिणाचा परिणामही, छोटे अभ्यास आणि अनुकूल निकालच छापले जाण्याची प्रवृत्ती लक्षात घेतली, तर सुरुवातीला वाटला त्याहून लहान आहे, असं नंतरच्या परीक्षणांत निघालं.

सर्वांना कोड्यात टाकणारा प्रयोग

मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो तो मार्कुस आमान आणि सहकाऱ्यांचा २००९ चा प्रयोग. सायकलपटूंच्या कण्यात फेंटानिल हे औषध देऊन त्यांनी पायांच्या स्नायूंतून मेंदूकडे जाणारे संदेश दाबले; मेंदूकडून पायांकडे येणाऱ्या आज्ञा चालूच होत्या. ५ किलोमीटरच्या शर्यतीत ते सुरुवातीला एरवीपेक्षा जोरात सुटले आणि शेवटी त्यांचे पाय इतके गळाले की काहींना सायकलवरून उतरून चालताही येईना. एकूण वेळ जवळपास तीच राहिली.

यातून दोन गोष्टी एकदम दिसतात. मेंदू खरोखरच स्नायूंची खबर घेऊन वेग आवरतो. ती खबर बंद केली की आवर सुटतो. आणि स्नायूंचा बिघाडही खराच असतो. आवर सुटला की तो माणसाला गाठतो. एक्सेटरच्या अँड्र्यू जोन्स यांच्या गटाने चुंबकीय अनुनादाने चालत्या स्नायूतलं फॉस्फेट मोजलं तेव्हा या चित्रात भर पडली. एका विशिष्ट भाराखाली स्नायूतलं रसायन स्थिर राहतं. त्याच्या किंचित वर गेलं की ते सतत घसरत एका टोकाला पोहोचतं. हा भार, ज्याला ‘क्रांतिक शक्ती’ म्हणतात, पुरवठ्याची आणि स्नायूची बाजू एकत्र आणतो.

माझ्या वाचनातून झालेलं मत असं: वादाचा बराच भाग वेगवेगळ्या गोष्टी मोजल्यामुळे वाढला. कुणी विचारलं की शरीर जास्तीत जास्त किती देऊ शकतं, कुणी विचारलं की एका स्नायूचं बळ का घटतं, कुणी विचारलं की माणूस आपला वेग कसा ठरवतो. क्षमता घटणं आणि माणसाने थांबणं या दोन घटना आहेत. पहिलीचं उत्तर हृदय, रक्त आणि स्नायूंत बरंचसं सापडलं आहे. दुसरीचं अजून नाही.

न सुटलेलं

स्नायूंतून आलेले संदेश ‘जड वाटणं’ या अनुभवात कसे बदलतात, की हा अनुभव मेंदूने धाडलेल्या आज्ञेच्याच प्रतिध्वनीतून येतो, यावर दोन तट आहेत. प्रयोगांतले बहुसंख्य स्वयंसेवक तरुण, निरोगी पुरुष होते, ही मोठी उणीव आहे. काही प्रकारच्या श्रमांत स्त्रियांचे स्नायू तुलनेने सावकाश दमतात, असं सँड्रा हंटर यांच्या कामातून दिसतं. आजवरचे आकडे सगळ्यांना लागू करताना त्यामुळे जपावं लागतं.

रुग्णांच्या बाबतीत जुनाच वाद नव्याने मांडला जातो आहे. २०२४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संसर्गानंतरच्या दीर्घ थकव्याच्या १७ रुग्णांच्या अभ्यासातून मेंदूतल्या श्रम-निवडीच्या प्रक्रियेकडे बोट दाखवलं. रुग्णांच्या संघटना नाराज झाल्या, कारण दुखणं मनाचं आहे असं त्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं होतं. त्याच वर्षी ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी दीर्घ कोविडच्या रुग्णांच्या स्नायूंत श्रमांनंतर झालेली इजा आणि तंतुकणिकांचं मंदावलेलं काम दाखवलं. दोन्ही खरं असू शकतं. एकाच रुग्णात दोन्ही तपासणारं मोठं काम व्हायला हवं.

उरतो श्रमिकांचा प्रश्न. आपला वेग आपणच ठरवणारा सायकलपटू हे सगळ्या सिद्धांतांचं गृहीत आहे. आपल्याकडचा ऊसतोड मजूर आगाऊ उचल घेऊन आलेला असतो आणि त्याच्या जोडीची मजुरी टनावर ठरते. जड वाटलं म्हणून थांबणं त्याला परवडत नाही. मध्य अमेरिकेत, विशेषतः निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये, मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडं निकामी होत असल्याचं गेल्या दोन-तीन दशकांत समोर आलं. तीव्र श्रमांत मूत्रपिंडांचं रक्त आटतं, उकाड्यात आणखी आटतं, आणि हे रोज घडत राहतं, असं एक स्पष्टीकरण आहे. कीटकनाशकं, पाण्यातली द्रव्यं आणि वेदनाशामक गोळ्या यांच्यावरही संशय आहे आणि मूळ कारणावर एकमत झालेलं नाही. निकाराग्वातल्या एका साखर कारखान्यात सक्तीची विश्रांती, सावली आणि पाणी यांची व्यवस्था वाढवल्यावर मजुरांच्या मूत्रपिंडांची इजा कमी झाल्याचं नोंदवलं गेलं आहे.